तारीख नसलेली रजा

"घरगुती कारण म्हंजे काय ओ, बाई?"

आप्पासाहेब मगदुमांनी माझा अर्ज टेबलावर पसरला आणि त्या दोन शब्दांवर बोट टेकवलं. बोटाला यंत्राच्या तेलाचा डाग होता. इचलकरंजीत त्यांचे चाळीस माग होते, आणि मागांवर राबणाऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी ही शाळा काढली होती. मागांचा खडखडाट खिडकीतून सारखा आत येत असे, त्यामुळे त्या खोलीत साधं बोलायचं झालं तरी आवाज चढवावा लागे. भांडण नसतानाही भांडल्यासारखं वाटे.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मालवणच्या बाजूच्या एका खेड्यातून रात्रभर प्रवास करून आले होते. गावच्या शाळेत मी सात वर्षं बदली शिक्षिका होते. त्या एप्रिलमध्ये तिथे कायमचा माणूस आला आणि माझी जागा संपली. घरी आई आणि मी, दोघीच. इथली नोकरी मिळाली नाही तर जूनपासून काय करायचं, याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आता ते 'घरगुती कारण'. आमच्या शाळेत रजेच्या अर्जावर सगळेच शिक्षक तेच लिहीत. मूल तापाने फणफणलेलं असो, भाताची लावणी असो, की घरात भांडण होऊन डोळे सुजलेले असोत. त्या दोन शब्दांच्या पलीकडे कुणी काही विचारत नसे. विचारणं वाईट दिसे. त्याच सवयीने मी नोकरीच्या अर्जाच्या शेवटी लिहून टाकलं होतं, 'घरगुती कारणासाठी या वर्षात एकदा तीन दिवस भरपगारी रजा मिळावी. तारीख मागाहून कळवीन.'

"तारीख मागाहून कळवीन," आप्पासाहेबांनी मोठ्याने वाचलं आणि शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकांकडे बघितलं. "लोकूर बाई, तारीख मागाहून कशाची कळवत्यात?"

लोकूर बाई सडपातळ, मितभाषी. चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्हीच विचारा त्यांना."

"लगीन ठरलंय व्हय?" आप्पासाहेबांनी थेट मला विचारलं.

"नाही."

"लाजू नका. दोन वर्षांत दोन बाई गेल्या आमच्या. एक दिवाळीत, एक संक्रांतीला. दोघींचं बी घरगुती कारणच हुतं. वर्ग तसाच उघडा पडला."

"लग्न नाही, आप्पासाहेब. ठरायचंही नाही एवढ्यात."

"मग काय ते सांगा की."

प्रवासात मी चांगलं वाक्य शोधत होते आणि ते सापडलं नव्हतं.

"खरं सांगितलं तर थाप वाटेल," मी म्हणाले.

"चाळीस माग चालवतोय मी. थापा ऐकायची सवय हाय."

मग मी सांगितलं.

"आमच्या गावात गावपळण असते. तीन वर्षांतून एकदा. सगळं गाव घरं सोडून शिवेबाहेर जातं. तीन दिवस तिथेच झोपड्या बांधून राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, सगळी."

"कोंबड्या?"

"कोंबड्याही. टोपल्यांत घालून. मागे कुणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही."

"कशापायी पण?"

"कुणी म्हणतं, तीन दिवस गाव भुतांच्या हवाली करायचं. कुणी म्हणतं, गावालाही कधी विसावा हवा. मला नक्की माहीत नाही. पण जातात सगळे."

लोकूर बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मला नीट बघून घेतलं.

"आनि हे कवा असतंय?" आप्पासाहेब म्हणाले.

"दिवाळीनंतर कधीतरी. ग्रामदेवतेचा कौल झाला की चार-पाच दिवसांत निघायचं."

"कौल कवा हुतोय?"

"ते देवाच्या हातात."

आप्पासाहेबांना हसू आवरेना. खांदे हलायला लागले. "लोकूर बाई, ऐकलं? देवाकडनं रजा मंजूर करून आणणार बाई, आनि पगार आमी द्यायचा!" मग डोळे पुसत म्हणाले, "तुमी न्हाई गेला तर काय गाव पळायचं थांबतंय?"

"गाव पळेल. माझी आई पळणार नाही. तिच्या खुब्याचं हाड मोडलेलं आहे. काठीने घरातल्या घरात चालते, आपला भात आपण शिजवते. पण शीव दीड कोसावर. मी नेल्याशिवाय ती जाणार नाही."

"मग तिला हिकडं आणा की कायमची."

"ती गाव सोडायला तयार नाही."

"तीन दिवसांसाठी सोडती, कायमचं सोडत न्हाई. चांगलं हाय!" ते खुर्चीत मागे रेलले. "बरं, जावा तीन दिवस. बिनपगारी. मिटलं?"

"नाही मिटलं. तुमच्या नियमांत लिहिलंय की कायम व्हायला सलग दोन वर्षं भरली पाहिजेत, आणि बिनपगारी दिवस आला तर खंड पडतो. तीन दिवसांपायी मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं?"

"तुमी नियम वाचले?"

"बाहेर फळ्यावर लावलेत."

"लावलेत म्याच. वाचलं कुणी न्हवतं आजवर." ते जरा खूश झाल्यासारखे वाटले, पण लगेच सावरले. "मग हे बी वाचलं असंल, पहिल्या वर्षी रजा न्हाई."

"वाचलं. म्हणूनच आधी विचारतेय."

आप्पासाहेबांनी खिडकीकडे हात केला. "तो आवाज ऐकताय न्हवं? माग चालला तर कापड, कापड झालं तर मजुरी. खाडा झाला की त्या दिवसाचं काय न्हाई. माझ्या बापाच्या वेळेपासनं हीच रीत. उद्या तुमाला घरी बसून पगार दिला तर सकाळी चाळीस जण माझ्या दारात. त्यांच्या बी आया हायतच की."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी माझी कागदांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. उठावं की बसावं ते कळेना.

तेवढ्यात शेजारच्या वर्गात काहीतरी दाणकन पडलं आणि पाठोपाठ मुलांचा कल्लोळ उठला.

"तिसरी," लोकूर बाई शांतपणे म्हणाल्या. "सुट्टीतला वर्ग लावलाय, पण शिकवायला कुणी नाही. आप्पासाहेब, या इतक्या लांबून आल्यात. एक पाठ तरी घेऊ द्या. मग काय ते ठरवा."

वर्गात पस्तीसेक मुलं होती. एक बाक आडवं पडलं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. मी काही न बोलता खडू उचलला आणि फळ्यावर डोंगर काढायला लागले. मुलांना गप्प करायचा याहून सोपा उपाय मला आजही माहीत नाही. आपण पाठ करून काहीतरी काढत राहायचं. काय काढतायत ते बघायला पोरं आपोआप बसतात.

आप्पासाहेब शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक बुटकं, त्यामुळे त्यांचे गुडघे छातीला लागले होते.

दिशा शिकवायच्या होत्या. मी डोंगराखाली ओढा काढला, देऊळ काढलं, घरं काढली, सगळ्यांभोवती शिवेची रेघ मारली. हात आपसूक आमचंच गाव काढत होता. "ओढा कुठल्या दिशेला?" "देवळाकडून शिवेवर जायचं तर कुठे वळायचं?" मुलं सांगत गेली, चुकली, भांडली, पुन्हा सांगती झाली. मग रंग भरावा म्हणून मी त्यांना सांगितलं की या गावातली माणसं दर तीन वर्षांनी या रेघेच्या बाहेर पळून जातात.

मग दिशा राहिल्या बाजूला.

"मांजर टोपलीत बसतं का, बाई?"

"माझं बसलं नव्हतं. पदरात घालून नेलं. हे बघ, अजून वण आहे."

"आणि चोर आला तर?"

"चोरही त्याच गावचा. तोही पळालेला असतो."

वर्ग हसला. पुढच्या बाकावर दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी होती, बिल्किस. ती हसली नाही. तिने हात वर केला आणि उभी राहिली.

"बाई, सगळे गेले हे कसं कळतं? हजेरी घेतात का?"

"हजेरी?"

"शाळेत घेतात तशी. नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं."

"नाही. हजेरी कुणी घेत नाही."

"मग एखादं माणूस मागंच राहिलं तर?"

मी खडू खाली ठेवला. ही गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. मुलांनी विचारलं की मला खोटं सांगता येत नाही, ही माझी खोड.

"राहतं कधी कधी," मी म्हणाले. "मागच्या खेपेला एक म्हातारी राहिली होती. तिचा पाय मोडला होता. तिने शेजारणीला सांगितलं, मी दिराच्या गाडीतून जाते. दिराला सांगितलं, मी शेजारणीच्या गाडीतून जाते. दोन्ही गाड्या गेल्या आणि ही घरात पडून राहिली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का?"

"कुणावर आपला भार पडू नये म्हणून."

मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

"तिची मुलगी आधीच पुढे गेली होती, झोपडी बांधायला. दुपारी तिने भात वाढला आणि बघितलं तर आई कुठेच नाही. मग ती उलट धावत सुटली."

"परत जायला चालतं?"

"चालत नाही. पण ती गेली. पोचली तेव्हा ऊन कललं होतं. म्हातारीच्या हातून पाण्याचं भांडं लवंडलं होतं आणि तिला उठून दुसरं घेता आलं नव्हतं. तोंडाला नुसती कोरड. अजून दोन दिवस ती तशीच पडली असती."

बिल्किस अजून उभीच होती. "मग या वर्षी हजेरी कोण घेणार?"

"मी घेणार," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर मागच्या बाकाची आठवण झाली. मी तिकडे बघायचं टाळलं आणि फळ्याकडे वळून विचारलं, "आता सांगा, देवळाच्या पूर्वेला काय आहे?"

तास संपल्यावर आप्पासाहेबांना बाकातून सुटायला बराच वेळ लागला. व्हरांड्यात येऊन त्यांनी धोतर झटकलं.

"त्या पोरीनं विचारलं ते मला सुचाय पायजे हुतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "बाई, माझ्याकडं एक कामगार हाय. त्याची आज्जी चारदा मेली. चारी खेपेला मी सोडला त्याला. मानसं पोटदुखी सांगत्यात, मयत सांगत्यात, आनि कायम आदल्या दिवशी सांगत्यात. नोकरी मिळायच्या आधी रजा मागणारी तुमी पहिलीच. त्यात कोंबड्या टोपलीत घालून! इतकी वाकडी थाप मारायची डोकॅलिटी कुणात न्हाई. म्हंजे खरं असणार."

मला हसावं की नाही कळेना.

"दिले तीन दिवस. भरपगारी. पर त्याच्या बदल्यात तीन रविवार शाळेत यायचं."

"नाही, आप्पासाहेब."

लोकूर बाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच दचकले होते. पण एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना.

"एरवी मुलांसाठी रविवारीही येईन. बोलवायचीही गरज नाही. पण त्या तीन दिवसांच्या बदल्यात नाही. बदल्यात रविवार दिले तर ती रजा कसली? ती उसनवारी झाली."

आप्पासाहेबांनी मान तिरकी करून मला न्याहाळलं. सूत तपासताना बघत असावेत तसं. "लोकूर बाई, ही बाई पोरांना बेरीज-वजाबाकी बरी शिकवंल."

"शिकवतील," लोकूर बाई म्हणाल्या. "घ्या त्यांना."

"घेतली. या जूनपासनं."

"ते रजेचं लिहून मिळेल का?" मी विचारलं.

"माझ्या शब्दावर भरवसा न्हाई?"

"तुमच्या शब्दावर आहे. पण उद्या रजिस्टर तपासायला आलेला माणूस तुमचा शब्द कुठे बघणार?"

ते मोठ्याने हसले आणि ऑफिसात शिरले. लोकूर बाईंनी नेमणुकीचा कागद पुढे ओढला. ते वाक्य लिहायला आम्हाला पाऊण तास लागला. 'गावपळण' म्हणजे काय ते कागदावर कसं मांडायचं, हीच अडचण. आप्पासाहेब येरझाऱ्या घालत सांगत होते.

"आईला न्यायला, असं लिवा. न्हाईतर बाई जायाची गोव्याला फिराय. आनि परत आणायला बी लिवा. न्यायला रजा आनि आणायला न्हाई, असं नको व्हायला."

शेवटी वाक्य झालं ते असं: 'सदर शिक्षिकेच्या गावी गावपळण झाल्यास, आईस शिवेबाहेर नेण्यासाठी व परत आणण्यासाठी तिला तीन दिवसांची भरपगारी रजा देय राहील. तारीख ग्रामदेवतेच्या कौलाप्रमाणे.' खाली आप्पासाहेबांची सही, ठसठशीत.

डिसेंबरच्या एका गुरुवारी सकाळी तार आली. आमच्या शेजारच्या बाबलने पाठवली होती. 'कौल झाला. शुक्रवारी दुपारपर्यंत निघणे.'

त्याच शुक्रवारी शाळेची तपासणी होती. शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि अनुदान मिळणार की नाही ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. गेला महिनाभर आम्ही भिंती रंगवत होतो.

मी तार घेऊन आप्पासाहेबांकडे मागांच्या शेडमध्ये गेले. त्यांच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव बसली होती. तार वाचून त्यांनी ती घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली.

"देव बी काय तारीख काढतोय," ते म्हणाले.

मी पिशवीत हात घातला. कागद मी बरोबरच आणला होता.

"ऱ्हाऊ द्या. सही माझीच हाय, वळखतो मी." मागांच्या आवाजात त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं. "साहेबांनी इचारलं, तिसरीच्या बाई कुठायत, तर काय सांगू?"

"खरं सांगा."

"साहेब म्हणंल, मगदूम सकाळीच पिऊन आलाय!"

"मग लोकूर बाईंकडची प्रत दाखवा. तिसरीला मी कामं लावून ठेवते. मुलं पाठ म्हणून दाखवतील."

मला वाटलं, आता 'पण' येणार. आला नाही.

"पयली गाडी कितीची हाय?" त्यांनी विचारलं. मी दुपारची सांगितली. "हितं हुबं राहून काय करताय मग? जावा!"

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि कोंबड्या कशा नेतात एवढंच विचारलं, असं लोकूर बाईंनी मला मागाहून सांगितलं.

गुरुवारी वर्गाची कामं लावून दुपारी निघाले. संध्याकाळी कणकवलीला ओळखीच्यांकडे उतरले आणि शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने पुढे गेले. फाट्यावरून चालत गावात शिरले तेव्हा नऊ वाजले असतील. अर्धं गाव रिकामं झालं होतं. घंटा वाजवत गुरं चालली होती, बायांच्या डोक्यांवर बोचकी होती. ओढ्याच्या वाटेवर बाबलची बायको भेटली. मला बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"अगो शालन, तू चलत? आणि गाडी खंय?"

"कसली गाडी?"

"तुझी आवस म्हणालली, शालन कणकवलीसून गाडी घेवन येतली, तुमी फुडे जावा."

आम्ही दोघींनी एकदमच आमच्या घराकडे बघितलं. पुढच्या दाराला कुलूप होतं.

मी पायऱ्या धावत चढले आणि घराला वळसा घालून मागच्या दारी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधारात आई चटईवर बसली होती. उशाशी पाण्याची कळशी, फुलपात्र, पोह्यांचा डबा आणि काठी. दिवा मात्र कोपऱ्यात पालथा घालून ठेवला होता. तेवढा नियम ती पाळणार होती.

"इलंस?" ती म्हणाली. ओशाळली, पण जराशीच.

"आये, फुडल्या दाराक कुलूप कोणी घातल्यान?"

"मीया."

"आणि मगे आत कशी इलंस?"

"भिंत धरून धरून. अर्धो तास लागलो. दोनदा बसलंय."

"चल आता."

"मी येवचंय नाय. तीन दिवस ते काय, डोळे मिटलंय काय गेले. भुतां माका काय खातली? माझ्या अंगार मास तरी असा?"

"आणि कळशी लवंडली तर? मागच्या खेपेक कोण पडलेला होता हंय, तोंड सुकान?"

मी खाली बसले. तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिने खऱ्या भीतीने विचारलं, "शालन, नवी नोकरी तुजी. माझ्यापायी तीन दिवसांचो पगार बुडलो मां?"

"नाय बुडाक. पगारी रजा असा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हंय असलंय तरी पगार चालू. कागदार लिवन दिल्यानी."

"काय लिवल्यानी? वाच बघू."

मी कागद काढला आणि दाराच्या फटीतल्या उजेडात वाचला. 'आईस शिवेबाहेर नेण्यासाठी व परत आणण्यासाठी...' तिने डोळे बारीक करून ऐकलं.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे माका उचलूचो तुका पगार असा?"

"असा."

"म्हणजे ह्यां तुजा नोकरीचा काम?"

"होय, आये. ह्यांच काम."

तिला वाचता येत नव्हतं, पण सहीवरून तिने बोट फिरवलं. इचलकरंजीच्या त्या खोलीत मी 'भरपगारी' या शब्दासाठी भांडले होते ते नोकरीत खंड पडू नये म्हणून. त्या शब्दाचं काम वेगळंच होतं, ते मला त्या चटईवर बसल्यावर कळलं.

आईने पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांकडे पसरले.

"मगे बसलंस काय? उचल! नोकरीत कामचुकारपणा केलेलो माका चलाचो नाय."

मी तिला पाठुंगळी घेतलं. ती इतकी हलकी झाली होती की पहिल्या पायरीवर मी जास्तच जोर लावला आणि तोल सावरावा लागला. पायऱ्या उतरून वाटेला लागलो आणि तिचं तोंड सुटलं. जो भेटेल त्याला माझ्या खांद्यावरून मान काढून सांगायची, "हिका पगार असा हां, माका नेवचो! हिच्या शेठन लिवन दिल्यान! परत आणूचो पण असा!" लोक हसत होते. आणि तीन वर्षांपूर्वी कुणाला कळू न देता अंधारात पडून राहिलेली ही बाई सगळ्या गावाला हाका मारत चालली होती.

ओढ्यावर बाबल गाडी घेऊन परत आला होता. बायकोने त्याला सांगितलं असणार. गाडी पलीकडच्या काठाला उभी होती. तो अलीकडे आला आणि त्याने हात पुढे केले.

"काकी, हयसून माझ्याकडे ये. शालन दमली. पाण्यातसून मी नेतंय तुका."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुका पगार असा?"

"माका? माका कसलो पगार?"

"नाय मां?" आई म्हणाली. "मगे बाजूक हो."

ती माझ्या पाठीवर हसत होती. तिचं हसणं माझ्या बरगड्यांना जाणवत होतं. मी साडी वर खोचली आणि पाण्यात पाय घातला.